2250 किलोची रेघ आणि सोनेगावची धावपट्टी

1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि चार महानगरांची विमाने मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, एकत्र येऊ लागली. त्या काळातला लक्षात राहिलेला अपघात डिसेंबर 1953 चा, आणि तोही उड्डाणाचा. छोटी विमाने उतरताना होणारे अपघात असे आठवणीत राहत नाहीत. बहुतेकदा कुणी दगावत नाही. नाकाचे चाक मोडते, पंख्याची पाती जमिनीला घासतात, विमान पट्टी सोडून गवतात जाते.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे उतरणे आणखी अवघड बनते. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 315 मीटरवर; पण पारा 45 अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि विमान जणू 5000 फुटांवरच्या पट्टीवर उतरते. वेगमापकावर नेहमीचा आकडा, जमिनीवरचा वेग मात्र जास्त. त्यात तापलेल्या पट्टीवरून उठणारी हवा विमान टेकू देत नाही. शिकाऊ वैमानिक घाईने नाक दाबतो, विमान उसळते, आणि पुढच्या एखाद्या उसळीत पुढचे चाक जाते.

अशा अपघातांचा तपास कुणी करायचा, हा खरा वादाचा मुद्दा. 2012 पर्यंत बहुतेक तपास देशाचा हवाई वाहतूक नियामकच (डीजीसीए) करत असे. त्या वर्षी वेगळी तपास यंत्रणा (एएआयबी) आली, पण तिला बंधनकारक ठरले ते 2250 किलोंहून जड किंवा जेट विमानांचेच अपघात. 2017 च्या नियमांतही रेघ तीच. हलक्यांचा तपास यंत्रणेला गरज वाटली तर. हा आकडा अपघात तपासाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) परिशिष्ट 13 मध्येही आहे. कोणत्या अपघाताचा प्राथमिक अहवाल या संघटनेला कळवायचा, ते तिथे त्यावरून ठरते. मनुष्यबळ तोकडे, म्हणून प्रवासी विमाने आधी, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. पण शिकाऊ सेस्ना 172 जेमतेम 1100 किलोंची. म्हणजे जिथे नवे वैमानिक घडतात, तिथलीच चौकशी या यंत्रणेला बंधनकारक नाही; ती परवाने देणाऱ्या नियामकाकडेच राहू शकते. हे मला पटत नाही.

मे 2021 मध्ये नागपूरहून उडताना एका रुग्णवाहू विमानाचे चाक निखळले आणि ते मुंबईत पोटावर उतरवावे लागले. सगळे वाचले. ते विमान साडेचार टनांचे, रेघेच्या पलीकडचे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर मात्र प्रशिक्षणाची दोन इंजिनांची विमानेसुद्धा 2250 च्या आतच बसतात.