मोटरशर्यतींच्या अभियांत्रिकीतील पळवाटा

मोटरशर्यतीचा नियम शब्दांत काय सांगतो आणि तो करणाऱ्यांना काय सांगायचे होते, या दोहोंमध्ये जे अंतर राहते त्याचा लाभ घेऊन वेग मिळवण्याच्या अभियांत्रिकी रीतीला पळवाट म्हणतात. या शब्दाला मराठीत थोडा डाग आहे, आणि मोटरशर्यतींच्या बाबतीत तो नेहमीच न्याय्य ठरत नाही. कारण या खेळात नियमपुस्तिका ही आरेखनाची पहिली सामग्री असते: गाडीचा पहिला कागद रेखाटण्याआधी आरेखक प्रत्येक कलम वाचून त्यात कशाला मनाई आहे, कशाचा उल्लेखच नाही आणि मोजमाप नेमके कोठे, केव्हा व कशाने होणार आहे, हे ठरवतो. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. इतिहासात गाजलेल्या बऱ्याचशा पळवाटा नियमाच्या शब्दांपेक्षा मोजमापाच्या पद्धतीत सापडलेल्या आहेत.

पळवाट आणि फसवणूक यांतील सीमा पुसट असली तरी ती ओळखण्याची एक खूण आहे. एखादा भाग तपासनीसाच्या हातात देऊन त्याचे काम उघडपणे सांगता येत असेल, तर तो नियमात बसतो की नाही हा वादाचा विषय ठरतो. तो दडवावाच लागत असेल, तर वादाला जागा उरत नाही.

इंदूरच्या मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र असून त्याचा ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान चाचणीमार्ग २०२१ मध्ये खुला झाला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या एकआसनी, खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांची ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा २००७ पासून पीथमपूरशी जोडलेली आहे. इंदूरच्या मराठी घरांतील अनेक मुलामुलींनी नियमपुस्तिकेशी पहिली झटापट तेथील तांत्रिक तपासणीच्या रांगेत केली आहे.

इंदूरचा दुसरा धागा जुना आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या दुसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ ही गाडी घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून बनवून घेतली. माणिकबाग राजवाड्याच्या या धन्याची गाडी तिच्या देखणेपणासाठी आजही ओळखली जाते. पण या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिच्या इंजिनावरचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा कोंबणारा पंप. तो शर्यतीतून आला होता. १९२४ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत सुपरचार्जर बसवलेल्या दुसेनबर्गने जिंकली, आणि अशा इंजिनाचा त्या शर्यतीतील तो पहिला विजय होता.

सुपरचार्जरमुळे नियम करणाऱ्यांपुढे एक पेच उभा राहिला, तो पुढे कायमचाच झाला: लहान इंजिनात जास्त हवा कोंबली तर ते किती मोठ्या इंजिनाच्या बरोबरीचे मानायचे? फॉर्म्युला वनमध्ये १९६६ पासून साधे इंजिन ३ लिटरचे किंवा दाबाची हवा घेणारे १.५ लिटरचे, असा पर्याय लागू झाला. दुसरा पर्याय दशकभर कोणीही वापरला नाही आणि ते कलम जणू विस्मरणात गेले. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला रेनॉने १.५ लिटरचे टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर हवा कोंबून घेणारे, इंजिन उतरवले तेव्हा ते वारंवार बंद पडे आणि त्यातून निघणाऱ्या वाफेमुळे त्या गाडीला ‘पिवळी चहाची किटली’ असे नाव पडले. परंतु १९७९ मध्ये त्याच कंपनीने फ्रेंच ग्राँ प्री जिंकली, आणि काही वर्षांत टर्बोशिवाय निभाव लागेनासा झाला. १९८९ पासून टर्बो इंजिनांवर बंदी आली. रेनॉने काहीही वाकवले नव्हते. पुस्तिकेत उघड छापलेला आकडा तिने इतरांपेक्षा गांभीर्याने वाचला होता, इतकेच.

हवेच्या दाबाचा खेळ गाडीच्या तळाखाली सुरू झाला तेव्हा हा झगडा अधिक तीव्र झाला. टेक्सासच्या जिम हॉल यांनी १९७० मध्ये चॅपरल २जे ही गाडी उतरवली. तिच्या मागे दोन पंखे होते, ते बर्फावरच्या गाडीच्या एका वेगळ्या इंजिनावर चालत आणि तळाखालची हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवत. वर्षअखेरीस तिच्यावर बंदी आली. १९७७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस ७८ ने हेच काम पंख्याविना, बाजूच्या कप्प्यांच्या तळाला विमानाच्या उलट्या पंखासारखा आकार देऊन साधले, आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती लोटसच्याच गाडीतून जगज्जेता झाला.

ब्रॅबम संघाचे आरेखक गॉर्डन मरे यांची अडचण अशी होती, की त्यांचे अल्फा रोमिओचे १२ सिलिंडरचे आडवे इंजिन इतके रुंद होते की तसे कप्पे करायला जागाच उरत नव्हती. हवेच्या प्रवाहावर परिणाम करणारे हलते भाग नियमाने वर्ज्य होते. मात्र भागाचा मुख्य हेतू तोच असेल तरच. मरे यांनी इंजिनावर आडवा रेडिएटर ठेवला आणि मागे एक मोठा पंखा बसवला. पंख्यातून जाणारी निम्म्याहून अधिक हवा रेडिएटरमधून येत असल्यामुळे पंख्याचा मुख्य हेतू शीतकरण हाच ठरत होता. उरलेली हवा तळाखालून येत होती, आणि गाडी वेगवान करीत होती ती हीच. ‘मुख्य’ या एका शब्दावर संपूर्ण गाडी उभी होती.

ही बीटी४६बी गाडी १७ जून १९७८ रोजी स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे धावली. गाडी उभी असताना पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचे झाकण लावलेले असे. चालकाने जागेवरच एक्सिलरेटर दाबला की गाडीचा मागचा भाग खाली दबलेला पाहणाऱ्यांना स्पष्ट दिसे. पंखा गिअरबॉक्सवरून फिरत असल्याने इंजिनाचे फेरे वाढले की ओढही वाढे, त्यामुळे चालकांना वळणावर सवयीविरुद्ध एक्सिलरेटर दाबून ठेवावा लागे. पात्रता फेरीत गाडीचा खरा वेग कळू नये म्हणून तिच्यात जादा इंधन भरले गेले. शर्यतीत वाटेवर तेल सांडले असताना इतर गाड्या घसरू लागल्या, आणि निकी लाउडा यांनी ती ३४ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकली. निकाल कायम राहिला. पण अन्य संघ खवळले, आणि संघांच्या संघटनेचे नेतृत्वही करणारे ब्रॅबमचे मालक बर्नी एक्लस्टन यांनी गाडी मागे घेतली. ती पुन्हा कधीही जागतिक स्पर्धेच्या शर्यतीत उतरली नाही. या नोंदकर्त्याच्या मते नियम वाचण्याच्या कलेचा याहून पूर्ण नमुना दुसरा नाही, कारण येथे काहीही दडवलेले नव्हते. झाकण होते, पण पंखा मागेच, सर्वांसमोर होता.

मोजमापाच्या क्षणाचा उपयोग मरे यांनीच १९८१ मध्ये केला. तळाखाली बाजूची हवा शिरू न देणारे, गाडीच्या कडांचे सरकते पडदे त्या वर्षी बंद झाले आणि गाडीचा तळ जमिनीपासून ६ सेंटिमीटर वर असावा असे ठरले. मोजणी व्हायची ती गाडी पिटमध्ये, म्हणजे वाटेलगतच्या थांब्यावर, उभी असताना. बीटी४९सी मध्ये त्यांनी असे द्रववायुचालित निलंबन (सस्पेन्शन) बसवले, की धावताना हवेच्या दाबाने गाडी हळूहळू खाली बसे आणि शेवटच्या संथ फेरीत पुन्हा वर येई. तपासनीसाने मोजले की ६ सेंटिमीटर बरोबर भरत. इतर संघांनी लवकरच चालकाने हलवायच्या खटक्यावर तीच करामत केली, आणि १९८३ मध्ये सपाट तळ सक्तीचा झाल्यावर हा अध्याय संपला. १९८२ मधील पाण्याचे प्रकरणही याच जातीचे आहे. वजन शर्यतीनंतर पाणी-तेल पुन्हा भरून करता येत असल्याने काही संघांनी ‘ब्रेक थंड करण्यासाठी’ मोठ्या टाक्या बसवल्या, पाणी सुरुवातीलाच सांडून टाकले आणि शर्यत हलक्या गाडीने केली. ब्राझीलमध्ये पिके आणि रॉसबर्ग या चालकांना यामुळे अपात्र ठरवण्यात आले. त्या रागातून अनेक संघांनी पुढे सान मारिनोच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला आणि तेथे अवघ्या १४ गाड्या उतरल्या.

अमेरिकेत १९९४ मध्ये रॉजर पेन्स्के यांच्या संघाने पैसा, गुप्तता आणि एक कलम यांची सांगड घातली. इंडियानापोलिसच्या शर्यतीत, साध्या गाड्यांच्या इंजिनांना संधी मिळावी म्हणून, दांड्यांनी झडपा उघडणाऱ्या इंजिनांना मोठा आकार आणि टर्बोचा जादा दाब मंजूर होता: इतरांना पाऱ्याच्या मापाने ४५ इंच, यांना ५५. तयार गाडीच्याच इंजिनावरून बनवण्याची अट मात्र काही वर्षांपूर्वी उठवलेली होती. इंग्लंडमधील इल्मोर कंपनीने मर्सिडीजच्या नावाने असे इंजिन शून्यापासून, केवळ त्या एका शर्यतीसाठी बनवले. त्याची शक्ती १,००० अश्वशक्तीच्या वर होती आणि मोजक्याच लोकांना त्याचा पत्ता होता. अल अन्सर धाकटे जिंकले. नियंत्रकांनी मंजूर दाब कमी केला, आणि १९९५ मध्ये पेन्स्केच्या चालकांना पात्रता फेरीच पार करता आली नाही.

फसवणुकीचे सर्वांत कुशल उदाहरण १९९५ च्या जागतिक रॅली स्पर्धेतील टोयोटाचे आहे. टर्बोत जाणारी हवा ३४ मिलिमीटरच्या छिद्रातूनच जावी असा नियम होता. टोयोटाच्या सेलिका गाडीत, जोडनळी आवळली की स्प्रिंगच्या वॉशरांवर बसवलेले हे छिद्र टर्बोपासून किंचित दूर सरके आणि बाजूने जादा हवा आत शिरे; तपासणीसाठी जोडणी सैल केली की सर्व काही आपोआप पूर्ववत होई. म्हणजे तपासणीची कृती हाच पुरावा नाहीसा करण्याचा मार्ग होता. स्पेनमधील कातालुन्याच्या रॅलीत हे उघडकीस आले, त्या वर्षीचे सर्व गुण गेले आणि संघावर १२ महिन्यांची बंदी आली. नियामक संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीही त्या कारागिरीची जाहीर वाखाणणी केली. ही वाखाणणी समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यामुळे हे उदाहरण मरे यांच्या पंख्याशेजारी बसत नाही.

अलीकडे पळवाट आधी दाखवून मान्यता घेण्याकडे कल वाढला आहे. २००९ मध्ये ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांच्या दुहेरी डिफ्यूझरला, म्हणजे तळाखालची हवा मागे बाहेर काढणाऱ्या चढत्या भागाच्या दुमजली रूपाला, नियामक संस्थेच्या अपील न्यायालयाने वैध ठरवले. ब्रॉनच्या जेन्सन बटन यांनी त्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले, आणि २०११ पासून तो प्रकार बंद झाला. २०२० च्या फेब्रुवारीत मर्सिडीजची, सुकाणू-चाक आपल्याकडे ओढून पुढच्या चाकांचा कोन बदलणारी यंत्रणा सर्वांनी पाहिली. ती वापरता आली फक्त एक मोसम.

पीथमपूरच्या तपासणीत हाच झगडा लहान मापात दिसतो. पेट्रोल गाड्यांना सारखेच एकसिलिंडर इंजिन मिळते, त्यात फेरफार करण्यास मनाई असते, त्यामुळे उरलेली सर्व कल्पकता चौकट, निलंबन आणि वजन यांत जाते. संरक्षक पिंजऱ्याच्या नळ्यांना ठरावीक जागी लहान भोके पाडून ठेवावी लागतात, ती नळीच्या भिंतीची जाडी आतून मोजता यावी म्हणून. पातळ नळी आणून वजन वाचवण्याची वाट त्यामुळे बंद होते. सांधकामाचे नमुने वेगळे आणून द्यावे लागतात. पूर्ण साजात बसलेल्या चालकाला ५ सेकंदांत बाहेर पडून दाखवावे लागते. रांगेत कडा दुमडलेली नियमपुस्तिका हातात धरून एखादा विद्यार्थी, ‘सर, नियमात याला नाही कुठं म्हटलंय?’ असे विचारतोच, आणि तपासनीस कॅलिपर खाली न ठेवता कलमाचा क्रमांक सांगतो. उत्तीर्ण गाडीवर चिकटपट्टी लागते. त्यानंतर काही बदलले, तर गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी उभी करावी लागते.