बाळाच्या भेटयादीची गोष्ट

बाळ येण्याआधीच त्याला काय काय लागेल त्याची यादी करायची, ती आप्तमित्रांना पाठवायची आणि ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यायचं, ही झाली बेबी रजिस्ट्री. यादी करायला बसलेल्या कितीतरी आईबापांना अवघडल्यासारखं होतं, कारण मागायला गेल्यासारखं वाटतं. या संकोचाला मोठा इतिहास आहे. बाळाला काय द्यायचं हे शतकानुशतकं देणारा ठरवत असे, आणि बहुतेकदा ते बाळ सुखरूप जन्मल्यावरच दिलं जाई.

पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये श्रीमंत घरांत जन्माच्या निमित्ताने रंगवलेली लाकडी तबकं करवून घेत. बाळंतिणीला खाणं नेऊन द्यायला ती वापरायची, मग शोभेसाठी भिंतीवर टांगायची. पुढे फ्लॉरेन्सचा सत्ताधीश झालेल्या लोरेन्झो दे मेदिचीच्या जन्माचं, १४४९ सालचं, असं एक तबक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या काळी बाळंतपण हे जिवावरचं दुखणं होतं. आई आणि मूल दोघंही वाचली, याचा आनंद अशा तबकातून साजरा होई.

इंग्लंडमधली एक प्रथा मला याहून बोलकी वाटते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथे नव्या बाळासाठी टाचण्यांची उशी भेट देत. रेशमी कापडावर टाचण्या अशा खोचायच्या की त्यांच्या डोक्यांतून नक्षी आणि बाळाचं स्वागत करणारी अक्षरं उमटावीत. भेट उपयोगाचीही होती, कारण लंगोट आणि कपडे तेव्हा टाचण्यांनीच बांधत. पण ही उशी बाळंतपणाआधी द्यायची नाही, टाचण्यांनी कळा वाढतात, असा समज होता. १८४९ साली वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि पुढे सुट्या टाचण्यांची गरजच सरत गेली. भेट आधी देऊ नये ही भीती मात्र लवकर गेली नाही. ज्या काळात इतकी मुलं पहिल्या वर्षातच दगावत, त्या काळात आधी तयारी करणं म्हणजे नशिबाला डिवचणंच वाटत असणार. आजही काही आईबाप सामान जन्मानंतरच घरात आणतात. त्यांना कोणी हसू नये.

तरी कपड्यांची तयारी आधी करावीच लागे. फ्रेंच भाषेत नवजात बाळाच्या कपड्यालत्त्याच्या संचाला ‘लेयेत’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ लहान पेटी. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट घरातल्या बायका शिवून त्या पेटीत भरून ठेवत. किती नग लागतात याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असे. भेटयादीची खरी पूर्वज मला ही पेटी वाटते.

दुकानाने ठेवलेली यादी मात्र लग्नाच्या निमित्ताने आली. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानाने १९२४ साली नवरीच्या आवडीच्या वस्तूंची नोंदवही सुरू केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एकच वस्तू दोनदा येऊ नये ही सोय खरी, पण पाहुण्यांना त्याच दुकानात यावं लागे हेही तितकंच खरं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची लाट आली, जन्माआधीच्या भेटसमारंभांची चाल पसरली आणि बाळाच्या सामानाचा बाजार फुगला. चार्ल्स लाझारसने १९४८ साली वॉशिंग्टनमध्ये दुकान काढलं ते मुळात बाळाच्या फर्निचरचं. त्यातूनच पुढे टॉइज आर अस ही खेळण्यांची दुकानसाखळी उभी राहिली. १९९३ साली टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने लग्नाच्या यादीसाठी संगणकीय स्वयंसेवा आणली आणि १९९६ साली टॉइज आर असची बाळाच्या सामानाची शाखा, बेबीज आर अस, सुरू झाली. ग्राहकाच्या हातात स्कॅनर आला. रांगेरांगेतून फिरत बारकोडवर तो धरला की वस्तू यादीत. मोठ्या कष्टाने शिवलेल्या पेटीची जागा एका बटणाने घेतली आणि याद्या लांबत गेल्या. दुकानाने तयार दिलेल्या ‘आवश्यक वस्तूं’च्या यादीकडे म्हणूनच जरा सावधपणे पाहावं. ती विकणाऱ्याने केलेली असते.

फिनलंडने याच काळात अगदी दुसरी वाट धरली होती. तिथे १९३७ साली कायदा झाला आणि १९३८ पासून गरीब गर्भवतींना सरकारकडून बाळाच्या सामानाची पेटी किंवा तिच्याऐवजी रोख मदत मिळू लागली. १९४९ पासून ती सगळ्या मातांसाठी खुली झाली. अट अशी, गर्भारपणाचा चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्यायची. भेटीच्या निमित्ताने बाई डॉक्टरपर्यंत पोचली पाहिजे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. सुरुवातीला पेटीत शिवण्यासाठी कापड असे, पुढे तयार कपडे आले. युद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा काही चादरी कागदाच्या दिल्या, पण पेटी थांबवली नाही. पेटीच्या तळाशी लहानशी गादी असते, त्यामुळे कितीतरी फिनिश मुलांचा पहिला बिछाना हीच पुठ्ठ्याची पेटी होती. स्कॉटलंडनेही २०१७ मध्ये प्रत्येक नवजात बाळासाठी अशी पेटी सुरू केली. आपली यादी करताना दुकानाच्या यादीआधी या पेट्यांमध्ये काय असतं ते पाहावं: कपडे, पांघरूण, थर्मामीटर, आंघोळीचा टॉवेल. पहिल्या महिन्यांना लागतं ते जवळजवळ एवढंच.

२०११ मध्ये बेबीलिस्ट हे यादी करायचं संकेतस्थळ आलं आणि यादी एका दुकानाच्या दावणीतून सुटली. कुठल्याही दुकानातली वस्तू त्यात घालता येते, आणि वस्तू नसलेलंही मागता येतं: बाळंतिणीसाठी काही दिवसांचं जेवण, घरकामाला हात, महागड्या गोष्टीसाठी सगळ्यांनी मिळून जमवलेली रक्कम. २०१८ मध्ये अमेरिकेतली बेबीज आर असची दुकानं बंद पडली, तेव्हा यादी कोणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न किती खरा आहे हेही दिसलं.

संकोचाकडे परत येतो. यादी नेमकी असावी, याचं सगळ्यात भक्कम कारण मला सुरक्षिततेच्या इतिहासात सापडतं. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तान्ह्या बाळाला पोटावर झोपवू नका असं सांगितलं आणि १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली. नंतरच्या वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू तिथे निम्म्याच्या आसपास आले. एक बाजू वरखाली सरकणाऱ्या पाळणापलंगांत मुलं अडकून दगावली, म्हणून २०११ मध्ये अमेरिकेत त्यांच्या विक्रीवर बंदी आली. जुने विकायलाही मनाई झाली. २०२२ च्या कायद्याने पलंगाच्या कडेला लावायच्या मऊ गाद्या आणि बाळाला झोपवायचे उतरत्या पाठीचे बिछानेही बाद केले. या सगळ्या वस्तू एके काळी प्रेमाने दिलेल्या भेटी होत्या, आणि देणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून पलंग, गादी आणि कार सीट यांच्यापुढे नुसतं नाव न लिहिता नेमकं मॉडेल लिहावं, आणि माळ्यावरचा जुना पलंग कोणी आपुलकीने देऊ केला तर हे कारण सांगून नको म्हणावं.