०–१० व्होल्ट कार्ड मागवण्याआधी लोड किती ओहमचा ते सांगा

आमच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त येणारी तक्रार: “टेबलावर मीटर लावलं की बरोबर दहा व्होल्ट, मशीनला जोडलं की चारच्या वर हलत नाही.” बहुतेक वेळा ० ते १० व्होल्ट बाहेर देणारं हे कार्ड बिघडलेलं नसतं. डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम, तो करंट जवळजवळ ओढतच नाही. तुमचा लोड, म्हणजे कार्डाला जोडलेली वस्तू, समजा छोटा हीटर, १०० ओहमचा असेल तर तो १० व्होल्टला १०० मिलिॲम्पियर मागतो. साध्या कार्डावरचा एलएम३५८ (ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवून देणारी चिप) साधारण ४० मिलिॲम्पियरला हात टेकतो. ४० मिलिॲम्पियर गुणिले १०० ओहम, झाले तेच चार व्होल्ट.

व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) स्पीड इनपुट सहसा १० किलोओहम किंवा जास्त असतो, म्हणजे १ मिलिॲम्पियरचं काम. तिथे साधंच कार्ड घ्या, उगाच महागडं आम्हीही देणार नाही.

जड लोडसाठी आम्ही ऑप-ॲम्पच्या पुढे बीडी१३९ ट्रान्झिस्टर लावतो. करंट तो देतो. ऑप-ॲम्पला फक्त त्याच्या बेसपुरते (कंट्रोलच्या पिनपुरते) दोन-तीन मिलिॲम्पियर पुरवावे लागतात. फीडबॅक (किती व्होल्ट निघाले ते ऑप-ॲम्पला परत सांगणारी जोडणी) मात्र ट्रान्झिस्टरच्या पुढून, थेट लोडवरून घेतो. तो ऑप-ॲम्पच्या पिनवरून घेतला तर ट्रान्झिस्टरचे ०.७ व्होल्ट लोडवर कमी दिसतात, आणि तापमानाबरोबर बदलतातही.

“पॅनेलमध्ये १२ व्होल्ट आहेच, त्यावरच चालवा” असं पुष्कळ जण म्हणतात. पण एलएम३५८ सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतो, म्हणजे १०.५. त्यातून ट्रान्झिस्टरचे ०.७ गेले की ९.८ उरतात. वजाबाकीपुढे आमचं काही चालत नाही भाऊ, म्हणून या कार्डाला १५ व्होल्ट लागतात.

आता उष्णता. पूर्ण १० व्होल्टवर ट्रान्झिस्टर सर्वात जास्त तापेल असं वाटतं, पण तसं नाही. १०० ओहमच्या लोडवर, १५ व्होल्टच्या निम्म्याला, म्हणजे ७.५ व्होल्टला, त्यात सुमारे ०.५६ वॉट जातात. १० व्होल्टला ०.५. खरी कसोटी शॉर्टची. ऑप-ॲम्पच्या आतली करंट-मर्यादा बाहेरच्या ट्रान्झिस्टरला वाचवत नाही, म्हणून आम्ही वेगळा लिमिटर बसवून करंट १४० मिलिॲम्पियरच्या आसपास रोखतो. तरी शॉर्ट राहिलं तर दोन वॉट ट्रान्झिस्टरच्याच अंगावर. नागपूरचा मे, बाहेर ४५ अंश, बंद पॅनेलमध्ये त्याहून जास्त. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) काढून जागा वाचवायला सांगू नका.

लोडचं दुसरं टोक ग्राउंडला आहे की प्लसला, तेही कळवा. हा ट्रान्झिस्टर करंट फक्त देतो, ओढून घेत नाही. प्लसला बांधलेल्या लोडवर हे कार्ड चालणार नाही. ±१० व्होल्ट हवे असतील तर बीडी१३९–बीडी१४० ची जोडी (बीडी१४० करंट ओढून घेतो) आणि दुहेरी, म्हणजे प्लस आणि मायनस, सप्लाय लागतो.

ओहम माहीत नसतील तर लोडची वायर सोडवून मीटरने मोजा. बल्ब असेल तर थंड असताना आकडा फारच कमी येईल. तो चुकीचा समजून बदलू नका, तसाच कळवा.