तोतरेपणा : ग्रामीण विदर्भातील भाषिक व सामाजिक संदर्भ

बोलताना एखादा ध्वनी किंवा अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारले जाणे, ते लांबणे, अथवा उच्चारापूर्वीच आवाज अडून राहणे, अशा स्वरूपाचा वाणीदोष. तो बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षी सुरू होतो. सु. ५ टक्के मुलांत तो दिसतो व त्यांपैकी बहुतेकांत ओसरतो. प्रौढांत त्याचे प्रमाण सु. १ टक्का असून पुरुषांत ते स्त्रियांच्या जवळजवळ चौपट आहे.

संज्ञा : मराठीत ‘तोतरा’ म्हणजे अडखळत बोलणारा आणि ‘बोबडा’ म्हणजे ज्याचे वर्ण स्पष्ट उमटत नाहीत तो. हिंदीत मात्र ‘तुतलाना’ हे क्रियापद बोबड्या बोलासाठी वापरतात व तोतरेपणाला ‘हकलाना’ म्हणतात. नागपूरकडील मुलूख आधी मध्य प्रांतात व पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे येथे दोन्ही भाषांचे शब्द एकाच घरात नांदतात. पालकांनी ‘तोतरा’ म्हटले आणि ऐकणाऱ्याने हिंदीतील ‘तोतला’ (बोबडा) समजले, तर मुलाच्या अडचणीचे स्वरूपच चुकीचे नोंदले जाण्याचा संभव असतो. वऱ्हाडीतील ‘बोलता बोलता अटकते’ हे साधे वर्णन या दृष्टीने अधिक नेमके आहे.

संस्कृत वैद्यकातील ‘गद्गद’ हा शब्द तोतरेपणाचा पर्याय मानण्याचा प्रघात आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कफयुक्त वायूने शब्दवाहिनी धमन्या आवृत झाल्या असता मनुष्य मूक, मिन्मिण किंवा गद्गद होतो, असे सांगितले आहे. परंतु माधवनिदान या रोगनिदानविषयक ग्रंथावरील मधुकोश टीकेत पदे व व्यंजने गाळून बोलणारा तो गद्गद, असा अर्थ दिला आहे. तोतरेपणात वर्ण गळत नाही, तो अडतो किंवा पुनरावृत्त होतो. म्हणून गद्गद ही वाणीदोषांची व्यापक संज्ञा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सुश्रुताच्या वचनातील ‘मिन्मिण’ हा शब्द नाकात बोलण्यासंबंधी आहे. मूल लवकर व स्वच्छ बोलावे म्हणून मधातून वेखंड चाटवण्याची घरगुती रीत याच परंपरेशी जोडली जाते (वेखंडाचे संस्कृत नाव वचा). तोतऱ्या मुलाला अक्कलकारा या वनस्पतीची बोंडे चघळायला देतात. त्यांनी जीभ चुरचुरते, पण तोतरेपणाचे मूळ जिभेच्या जडपणात नाही.

संस्कृती व कारणमीमांसा : तोतरेपणा संस्कृतीतून उपजतो काय, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यास गाजला. अमेरिकेतील वाणीदोषतज्ज्ञ वेंडेल जॉन्सन यांनी, पालक मुलाच्या स्वाभाविक अडखळण्याला दोष ठरवतात तेव्हा तोतरेपणा सुरू होतो, असे मत मांडले आणि बॅनॉक व शोशोनी या मूलनिवासी जमातींत तोतरेपणाला शब्दच नाही, म्हणून तो दोषही नाही, असा आधार दिला. त्याच खंडाच्या वायव्य किनाऱ्यावरील जमातींत तोतरेपणा व त्यासाठीचे शब्द दोन्ही असल्याचे समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुद्द बॅनॉक-शोशोनी भाषेतही अशा संज्ञा आढळल्या. पाकिस्तानातील कुटुंबांपासून सुरू झालेल्या संशोधनात २०१० मध्ये संबंधित जनुकीय बदल नोंदले गेल्यावर आनुवंशिक व मज्जासंस्थेतील कारणांकडे कल वाढला. संस्कृती तोतरेपणा निर्माण करीत नाही, पण त्याचा भार ठरवते, हे मत आता अधिक ग्राह्य दिसते.

ग्रामजीवनातील प्रसंग : तोतरे बोलणारा माणूस कठीण शब्द टाळून दुसरा वापरतो, स्वतःच्या नावाला मात्र पर्याय नसतो. म्हणून शाळेतील हजेरी, ग्रामसभेत उभे राहून नाव सांगणे आणि मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातील ‘नाव काय बाई तुझं?’ हा पहिलाच प्रश्न, हे प्रसंग विशेष जाचतात. पाहुण्यांपुढे मुलीने कमी बोलणे शालीनतेचे मानले जात असल्याने तिचा दोष झाकला जातो, आणि त्यामुळेच तो उपचारापर्यंत पोचत नाही. उखाणा लयबद्ध व पाठ असतो, तरी त्याचे सारे वजन शेवटच्या नावावर येते.

याउलट एकसुरात किंवा तालावर म्हटलेल्या शब्दांत तोतरेपणा पुष्कळ कमी होतो, हे सर्वत्र आढळलेले निरीक्षण आहे. विदर्भात अशा वाणीला जागा भरपूर आहे. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या (लयबद्ध लोकरचना) व त्यांच्या शेवटी सर्वांनी मिळून दिलेला ‘हर हर महादेव’चा गजर, तसेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) परंपरेतील सामुदायिक प्रार्थना व खंजिरी भजने ही त्याची उदाहरणे होत. भजनात मोकळा गळा असलेला माणूस चावडीवर अडखळला, की ‘तिथं बरं येते, इथंच सोंग करते’ असा आरोप होतो. तो अन्यायाचा आहे. बोलण्याची रीत बदलली की अडथळाही बदलतो.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीकडील गोंडी व माडिया आणि यवतमाळ-वाशीम भागातील बंजारा मुलांची घरची भाषा शाळेच्या प्रमाण मराठीहून वेगळी असते. दोन भाषांमुळे तोतरेपणा जडतो हा समज निराधार आहे. मात्र अशा मुलाचे थांबणे ‘मराठी येत नाही’ म्हणून सोडून दिले जाते, किंवा भाषा शोधताना घेतलेला थांबा तोतरेपणा ठरतो. दोन्ही भाषांत ऐकल्यावाचून निदान करू नये.

कायदा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाणी व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. व्याख्येत स्वरयंत्र काढणे व वाचाघात ही उदाहरणे असून तोतरेपणाचा नामोल्लेख नाही.