इथरनेटचं अंतर आधी टक्करीने अडवलं, मग प्रकाशाने

सुरुवातीच्या इथरनेटमध्ये, म्हणजे संगणक तारेने जोडायच्या पद्धतीत, फायबर (प्रकाश नेणारी काचेची तार) हाताशी असूनही जाळं लांबवता येत नव्हतं. प्रकाश कमी पडत नव्हता, वेळ कमी पडत होता.

जाड कोअॅक्सचा (तांब्याच्या केबलचा) एक तुकडा 500 मीटरचा. सिग्नल पुन्हा जोरकस करणारे चार रिपीटर लावून फार तर 2.5 किलोमीटर. सगळे संगणक एकाच तारेवर, त्यामुळे दोघांनी एकदम पाठवलं की टक्कर. ती पाठवणाऱ्याला फ्रेम (एका वेळी पाठवलेला डेटाचा तुकडा) संपायच्या आत कळायला हवी, नाहीतर तो पुन्हा पाठवणारच नाही. सर्वांत लहान फ्रेम 512 बिटांची, म्हणजे सेकंदाला 10 मेगाबिट वेगाने 51.2 मायक्रोसेकंद. सिग्नलचं जाणं-येणं एवढ्यात बसायला हवं. 1987 मध्ये रिपीटर ते रिपीटर 1 किलोमीटर फायबर प्रमाणित झालं, 1993 मध्ये 10बेस-एफएल या फायबरच्या प्रमाणाने 2 किलोमीटर दिले, पण हा हिशोब तसाच राहिला. तो तोडायचा तर मध्ये ब्रिज, म्हणजे टकरी पलीकडे जाऊ न देता जाळं दोन भागांत तोडणारं उपकरण, टाकावा लागे.

1995 च्या फास्ट इथरनेटने वेग दसपट केला आणि मुदत 5.12 मायक्रोसेकंदांवर आली. फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. म्हणून त्याचा फायबरवरचा प्रकार, 100बेस-एफएक्स, हाफ डुप्लेक्समध्ये (एका वेळी एकाच बाजूने पाठवणं) 412 मीटरवर अडायचा. तेच फायबर फुल डुप्लेक्समध्ये (दोन्ही बाजूंनी एकदम पाठवणं) 2 किलोमीटर चालायचं, कारण तिथे टक्करच होत नाही. खरी सुटका इथे झाली. पण या पोर्टवर डुप्लेक्स आपोआप ठरत नाही, दोन्ही टोकांना हाताने लावावा लागतो. एक टोक हाफ राहिलं तर दिवा लागतो, पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जातो, आणि लोड वाढला की उशिराच्या टकरी व सीआरसी एरर (फ्रेम बिघडल्याची नोंद) सुरू होतात.

यानंतर मर्यादा प्रकाशाची. 1998 च्या गिगाबिट इथरनेटमध्ये एलईडीच्या जागी लेझर आला आणि 62.5 मायक्रॉन गाभ्याच्या जुन्या मल्टीमोड फायबरवर (रुंद गाभा, प्रकाशाच्या अनेक वाटा) 850 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची मजल 220 ते 275 मीटरच उरली. 1310 नॅनोमीटरचा लेझर सिंगल मोडवर (बारीक गाभा, प्रकाशाची एकच वाट) 5 किलोमीटर जाई. तोच जुन्या मल्टीमोडच्या नेमक्या मध्यात सोडला तर गाभ्यातल्या दोषामुळे पल्स फाटते. म्हणून प्रकाश किंचित बाजूने सोडणारी मोड कंडिशनिंग पॅचकॉर्ड लावतात.

2002 मध्ये 10 गिगाबिट 1550 नॅनोमीटरवर 40 किलोमीटरपर्यंत पोहोचलं. तिथे उलटीच चूक होते: हेच मॉड्यूल (प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) टेबलावर छोट्या पॅचकॉर्डने जोडून तपासलं, तर अतिप्रकाशाने रिसीव्हर आंधळा होतो, जळूही शकतो. मध्ये प्रकाश कमी करणारा अॅटेन्युएटर लावूनच तपासावं.