ओव्याचं फूल: दख्खनच्या बाजारातून जर्मनीपर्यंत

पोटात कळ आली की चिमूटभर ओवा आणि मीठ चावून खायचं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा आणि बाळंतशेपा, चोंदलेल्या नाकाला तव्यावर परतलेल्या ओव्याची पुरचुंडी. आयुर्वेदात हीच यवानी: अग्नी वाढवणारी, शूल शमवणारी, कृमी पाडणारी. यातल्या शेवटच्या गुणाने ओव्याला सातासमुद्रापार नेलं.

ओव्याच्या दाण्यांत साधारण 2 ते 4 टक्के सुगंधी तेल असतं आणि त्यात निम्म्याच्या आसपास थायमॉल. तेल गार झालं की थायमॉलचे पांढरे, काचेसारखे खडे खाली बसतात. हेच ओव्याचं फूल. युरोपात 1719 मध्ये थाइम या वनस्पतीपासून थायमॉल वेगळं केलं गेलं. ओव्याच्या तेलातही तोच पदार्थ आहे, हे 1850च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. पण ओव्याचे हे खडे पुण्यात आणि दख्खनच्या इतर बाजारांत दुकानदार विकत होतेच. त्या काळच्या इंग्रजी औषधग्रंथातच तशी नोंद आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. तेल काढून, निववून, खडे वेगळे करण्याची कसबी रीत इथल्या कारागिरांच्या हातात होती.

पुढे थायमॉल हे अंकुशकृमीवरचं, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त शोषणाऱ्या हुकवर्म या जंतावरचं, प्रमुख औषध ठरलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या कृमीच्या निर्मूलनासाठी नेमलेल्या रॉकफेलर आयोगाने 1909 ते 1914 या काळात लाखो लोकांना थायमॉल आणि वरून एप्सम सॉल्टचा रेच दिला. औषध जहाल होतं. त्या दिवशी तेल-तूप आणि दारू वर्ज्य असे, कारण थायमॉल त्यांत विरघळून रक्तात शिरलं तर जिवावर बेतायचं.

हे थायमॉल बनवायला भारतातला ओवा पोत्यांनी जर्मनीला जाई. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं, ती वाट बंद झाली आणि थायमॉलचे भाव कडाडले. नंतर मेटा-क्रेसॉल या रसायनापासून कृत्रिम थायमॉल स्वस्तात बनू लागलं आणि औषधासाठीची ओव्याची ती मागणी ओसरली.

आपल्याकडे मात्र ओव्याचं फूल टिकलं. कापूर, पुदिन्याचं फूल (मेंथॉल) आणि ओव्याचं फूल समभाग घेऊन बाटलीत हलवलं की तिन्ही कोरडे खडे, पाण्याचा थेंबही न घालता, पातळ होतात. हीच अमृतधारा. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. डब्यातला ओवा आणि त्याचं फूल यांच्या ताकदीत फार अंतर आहे, आणि कापूर तर लहान मुलांना थोडासाही बाधतो.

बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरी मात्र आता थांबवायला हवी. नवजात बाळाच्या फुप्फुसांना कुठलाच धूर सोसत नाही, मग तो ओव्याचा का असेना.