पीयू बुश म्हणजे कायमचा उपाय, हा गैरसमज

‘नागपूरच्या उन्हात रबराचे बुश टिकत नाहीत, एकदाच पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे, टाका आणि विसरून जा,’ हा सल्ला येथील जीप-जिप्सीवाल्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. बुश म्हणजे गाडीच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे, धक्के सोसून हालचाल होऊ देणारे नळकांडे. मे महिन्यातील ४५ अंशांचा पारा माणसाला असह्य असला, तरी व्हल्कनाइज केलेल्या (गंधकासह तापवून मजबूत केलेल्या) रबराला तो मारक नसतो. याहून अधिक उष्णताही ते सोसते. रबराचा खरा शत्रू म्हणजे गळणारे तेल आणि, याहूनही अधिक, चुकीची बसवणी. रबर आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळ्यांना चिकटवलेले असते व स्वतः पिळले जाऊन हालचाल होऊ देते. त्यामुळे गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले, तर ती खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दोष मात्र उन्हाला!

पीयूमध्ये नळी सहसा बुशाच्या आत घसरत फिरते. म्हणून तिला ग्रीस लागते, आणि उमरेडकडच्या काळ्या मातीचा चिखल आत शिरला की ती कुरकुरते व झिजते. पाट्यांच्या स्प्रिंगला गाडीच्या चौकटीशी जोडणाऱ्या झुलत्या कडीत, म्हणजे शॅकलमध्ये, हालचाल मुख्यतः एकाच प्रतलात होत असल्याने तेथे पीयू चांगले चालते. परंतु कॉइल स्प्रिंगच्या अखंड ॲक्सलचे आर्म, म्हणजे त्याला चौकटीशी जोडणारे दांडे, खडकांवर तिरपे पिळले जातात; तेथे कडक पीयू चाकांची वर-खाली होण्याची मोकळीक कमी करते आणि ताण थेट ब्रॅकेटवर टाकते. अशा जागी मी तरी रबरच निवडेन.